पाटी सांगते चाळीस, रस्ता सांगतो शंभर

धुळ्याहून नरडाण्याकडे निघालो होतो. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात साखरपुडा होता. गाडी भाड्याची बोलेरो, चालवणारे साक्रीकडचे पन्नाशीतले गृहस्थ. सोनगीर मागे पडलं तेव्हा काटा पंच्याण्णवच्या आसपास होता. पुढे एका गावाच्या तोंडाशी लाल कडेची गोल पाटी आली, आत चाळीसचा आकडा. ती आम्ही दोघांनीही पाहिली. त्यांचा पाय काही वर आला नाही. मी म्हटलं, "भाऊ, चाळीसची पाटी गेली." ते अगदी सहज म्हणाले, "दादा, गाडी मी नही पयाडत. रस्ताच पयाडस." म्हणजे गाडी मी पळवत नाही, रस्ताच पळवतो.

मी ते हसण्यावारी नेलं. सात-आठ मिनिटांनी फाट्यावरून आत वळलो आणि गावात शिरलो. दोन्ही बाजूंना ओटे, एका ओट्यापुढे खाट टाकलेली आणि खाटेवर बिबड्या वाळत घातलेल्या. पुढे मारुतीचा पार, पाराला टेकून बसलेले चार म्हातारे, मधोमध एक शेळी. काटा पंधरावर आला होता. इथे पाटी नव्हती, ब्रेकर नव्हता, पोलीस तर नव्हताच. तोच माणूस, तोच पाय, तीच गाडी. दहा मिनिटांपूर्वी ज्यानं सरकारी पाटीला भीक घातली नाही, तो आता शेळीसाठी थांबून हॉर्नसुद्धा न वाजवता वाट बघत होता.

भाऊंचं म्हणणं सबब म्हणून सोडून देता येईल. मला मात्र वाटतं की महामार्गाच्या निविदा काढणाऱ्यांनी ते वाक्य टेबलावर लिहून ठेवावं. ड्रायव्हर किती वेगानं जाणार हे पाटीपेक्षा रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय दिसतं त्यावरच जास्त ठरतं. आपण रस्ता धावपट्टीसारखा बांधतो, त्यावर गावाची पाटी लावतो आणि माणूस मेला की सगळा दोष पायावर टाकून मोकळे होतो.

माणसाला एकसारखा वेग कळत नाही. वेग वाढला किंवा घटला तर कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय ते सांगतं, पण गाडी शंभरवर स्थिर झाली की ते गप्प बसतं. मग उरतात डोळे, आणि त्यातही नजरेची कड. भुसावळहून रावेरकडे जाणाऱ्या रेल्वेत खिडकीशी बसून बघा. रुळाकडेचा खांब सटासट मागे पळतो, केळीचा बाग जरा सावकाश सरकतो, आणि सातपुडा जागचा हलत नाही. गाडीचा वेग एकच, पण कुठे बघतो त्यावर तो तिप्पट किंवा शून्य वाटतो. रस्त्यावर हेच घडतं. झाडाचं खोड, घराचा ओटा, सायकलवाला हातभर अंतरावरून मागे जात असेल तर साठसुद्धा भरधाव वाटतात. तेच सगळं पंधरा-वीस मीटर लांब नेलं आणि मध्ये नुसतं डांबर नाहीतर काँक्रीट ठेवलं की शंभरवर डोळा लागायला लागतो.

दुसरी गोष्ट सवयीची. अर्धा तास शंभरनं आलेल्या माणसाला साठ म्हणजे गाडी बंद पडल्यासारखी वाटते. त्यानं काट्याकडे न बघता वेग उतरवला, तर चाळीस झाले असं त्याला वाटतं तेव्हा खरं साठ-पासष्ट असतात. हा माज नव्हे. लख्ख उन्हातून घरात शिरल्यावर अंधारी येते, त्यातलाच हा प्रकार. त्यात आताच्या गाड्या. काच बंद, एसी सुरू, इंजिनाचा आवाज नाही, आणि बसायची जागा उंच. उंच बसलेल्याला डांबर हळू सरकताना दिसतं, म्हणून तो आणखी दाबतो. आमच्याकडे पुढाऱ्यांच्या पांढऱ्या उंच गाड्या वाऱ्यासारख्या का जातात याचं अर्धं कारण यात असावं. उरलेलं अर्धं सगळ्यांना माहीत आहे.

आता खानदेशातले रस्ते बघा. मोठे रस्ते मुख्यतः दोन: मुंबई-आग्रा, आणि सुरत-नागपूर, ज्याला नवीन क्रमांक ५३ मिळाला तरी गावोगाव अजून 'सहा नंबर'च म्हणतात. जुने रस्ते साडेपाच किंवा सात मीटरचे. समोरून ट्रक आला की एक चाक साइडपट्टीवर उतरवावंच लागे. आता एका दिशेच्या दोन मार्गिकाच सात मीटरच्या, वर पक्की साइडपट्टी, मध्ये दुभाजक. समोरून कोणी येण्याची भीतीच गेली. ही भीती गेली ते चांगलंच झालं. समोरासमोरच्या धडकांनी किती घरं बसवली ते पारोळा-एरंडोलकडच्या लोकांना विचारायला नको. पण भीतीबरोबर सावधपणाही गेला, आणि त्याच्या जागी आपण ठेवलं काय, तर एक पाटी.

रस्त्यानं दिलेलं आमंत्रण आणि पाटीवरचा हुकूम यांत किती अंतर असतं याचा मोठा नमुना आपल्या शेजारून जातो. समृद्धी महामार्ग सपाट भागात ताशी १५० किलोमीटरचा वेग धरून आखला गेला आणि मोटारींना मर्यादा घातली १२० ची. म्हणजे आखणीनं दीडशेचा हात पुढे केला, आणि माणसानं तो नाकारायचा, तोही सातशे किलोमीटर, एकसारख्या सरळ रस्त्यावर, झोप आवरत. खानदेशातल्या चौपदरीवर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोटारीला १००, ट्रक आणि दुचाकीला ८० पर्यंत परवानगी आहे. समृद्धीला निदान कुंपण आहे. आमच्या रस्त्यांना गाव आहे. त्यांवर शाळेची पोरं आहेत, कापसाचे ट्रॅक्टर आहेत, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आहेत ज्यांच्या मागे लाल दिवा तर सोडाच, साधी चमकपट्टीही नसते. दुभाजकाला ढाब्यापुढे पाडलेली खिंडारं आहेत. आणि चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघालेली माणसं आहेत. हजारोंच्या संख्येनं, रात्रीच्या गारव्यात, डीजेच्या गाडीमागे, धुळ्याहून मालेगावच्या दिशेनं. रस्ता त्यांच्याबद्दल ड्रायव्हरला काहीच सांगत नाही. लळिंगचा उतार संपला की पुढे फक्त रुंद, गुळगुळीत, मोकळं डांबर दिसतं.

सरकारी आकडेवारीत याचं उत्तर आहे, पण ते दोन वेगळ्या तक्त्यांत वाटलेलं आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकले आहेत. हा आकडा दरवर्षी बातमीत येतो, त्यावर अग्रलेख होतात, आणि 'चालकांनो, जपून' अशी फलकबाजी होते. त्याच अहवालातला दुसरा तक्ता कोणी वाचत नाही. त्यात जवळपास दोनतृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाल्याची नोंद आहे. मुळात सरळ रस्ताच जास्त लांबीचा, हा आक्षेप मान्य. तरी ज्याला आपण धोक्याचं वळण म्हणतो, जिथे कवटीची पाटी लावतो, तिथे माणूस आपसूक सांभाळतो, हेही त्यातून दिसतंच. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना कोणाला पाटी बघावी लागते? एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, पुढचं वळण दिसत नाही. तिथे अठरा वर्षांचं पोरगंही दुसऱ्या गिअरमध्ये येतं. घाटातले अपघात बहुतेक ब्रेकचे, ओव्हरटेकचे किंवा धुक्याचे.

घाट संपतो तिथली गोष्ट निराळी. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला, बिजासन घाटाच्या अलीकडे, ब्रेक निकामी झालेला ट्रक गाड्यांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जण गेले. तिथे दोष ब्रेकचा, ते मान्यच. पण लांब उतार जिथे संपतो, तिथे रस्त्याला चिकटून हॉटेल, थांबा आणि माणसांची गर्दी असावी का, हा प्रश्न ब्रेकला विचारून चालणार नाही.

कायदा बघितला तर तो जवळपास सगळा पायावरच रोखलेला आहे. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर आधी भारतीय दंड विधानाचं कलम ३०४-अ होतं, आता न्याय संहितेचं १०६. अतिवेगाला हलक्या वाहनासाठी एक ते दोन हजार, जड वाहनासाठी दोन ते चार हजार दंड. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं: रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. एक लाख! कोट्यवधींच्या कामात ही रक्कम चहापाण्याच्या खात्यातून निघते. तरीही हे कलम मला महत्त्वाचं वाटतं, कारण रस्ताही चुकू शकतो हे त्यानं पहिल्यांदा कागदावर आणलं.

पाट्यांचंही थोडं बोललं पाहिजे. माझ्या नेहमीच्या वाटेवर एका ठेकेदारानं 'काम चालू, वेग २०' अशी पाटी लावली होती. काम संपलं, रस्ता झाला, त्यावर पांढरे पट्टे मारून झाले, एक पावसाळा गेला, पाटी तिथेच. पुढे ७०, लगेच ४०, मग कसलंही कारण न दिसता पुन्हा ८०. अशा बारा पाट्या खोट्या निघाल्या की तेरावी, शाळेजवळची खरी पाटी, कोण मानणार? लांडगा आला रे आला. शिवाय अर्ध्या पाट्यांवर कोणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक टेकलेला असतो, ते वेगळंच.

मग गावं काय करतात? कोणीतरी मरतं, रास्ता रोको होतो, तहसीलदार येतात, आणि संध्याकाळपर्यंत ब्रेकर पडतो. हातभर रुंद, वीतभर उंच, डांबराचा उकिरडा. त्यावर ना पट्टा, ना आधी सूचना. रस्ते अभियंत्यांची संस्था असलेल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी २५ किलोमीटरसाठी ब्रेकरची रुंदी ३.७ मीटर आणि उंची फक्त १० सेंटिमीटर सांगितली आहे, म्हणजे गाडी लाटेवरून गेल्यासारखी जावी, भिंतीवर आदळल्यासारखी नव्हे. असे शास्त्रशुद्ध ब्रेकर मी आमच्या जिल्ह्यात बोटावर मोजण्याइतके पाहिले. आणि राष्ट्रीय महामार्गावर ब्रेकर नकोतच असं केंद्राचं धोरण. ते बरोबरही आहे. ऐंशीनं येणाऱ्याला रात्री अचानक ब्रेकर लागला, तर मोटारसायकलवर मागे बसलेली, कडेवर लेकरू घेतलेली बाई पहिली उडते. ब्रेकर म्हणजे रस्त्यानं शंभरचं आवतण द्यायचं आणि पाहुणा दारात आला की तंगडी घालायची.

थांबायला किती जागा लागते त्याचा हिशेब याच मानकांत आहे. दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा अडीच सेकंदांचा वेळ धरून ४० च्या वेगाला ४५ मीटर, ८० ला १२०, आणि १०० ला १८० मीटर पुढचं दिसलं पाहिजे. वेग दुप्पट झाला की अंतर दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट होतं. म्हणजे ज्याला शंभरवरून चाळीसवर आणायचं, त्याची तयारी गावाच्या बऱ्याच आधीपासून करायला हवी. ती करायची तर पाटीला किंवा ब्रेकरला नाही, डोळ्याला सांगावं लागेल.

हे कसं सांगायचं ते जगात करून बघितलेलं आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ न्यूब्रिज इथे महामार्ग एका गोल चौकाला मिळतो. तिथे १९७० च्या दशकात रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे ओढले. सुरुवातीला लांब लांब, चौक जवळ येईल तसे जवळ जवळ. ड्रायव्हरला वाटतं आपला वेग वाढतोय, आणि पाय आपोआप वर येतो. खर्च रंगाचा. नेदरलँड्समधले वाहतूक अभियंते हान्स मॉन्डरमन (१९४५–२००८) त्याच्या पलीकडे गेले. औडेहास्के नावाच्या खेड्यात भरधाव गाड्यांची तक्रार आली, तेव्हा त्यांनी ब्रेकर घातले नाहीत. रस्ताच खेड्यासारखा दिसेल असा केला: डांबराऐवजी विटांची फरसबंदी, उंच कडा काढून टाकलेल्या, रस्ता कुठे संपतो आणि अंगण कुठे सुरू होतं ते चटकन कळू नये असा. गाड्या हळू झाल्या. त्यांचा हा धडा जसाच्या तसा 'सहा नंबर'वर लावता येणार नाही, तीस टनांचा ट्रक आणि विटांचं अंगण यांचं जमायचं नाही. पण मुद्दा तोच, आमच्या भाऊंनी सांगितलेला: रस्ता खेड्याचा दिसला की माणूस खेड्यातल्यासारखा वागतो.

आमच्याकडे त्यासाठी नवीन शोध लावायची गरज नाही. गावाच्या आधी दोन-तीनशे मीटरवर मार्गिका थोडी अरुंद करा. पक्की साइडपट्टी वेगळ्या रंगाची किंवा खडबडीत करा, म्हणजे डोळ्याला डांबर निमुळतं दिसेल. आडवे पट्टे जवळ जवळ आणत जा. वेशीची कमान तर आमच्या गावागावांत असतेच, फक्त ती महामार्गापासून आत, गावाच्या रस्त्यावर असते. तिच्यासारखं काहीतरी, दोन्ही बाजूंना उभं, इथे दिसू द्या. रात्री तेवढ्याच तुकड्यावर दिवे. ओलांडायच्या जागी मध्ये उभं राहता येईल असा रुंद दुभाजक. जळगाव शहरात तर हीच परीक्षा आहे. आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौक हे शहरातले चौक, पण त्यांतून जाणारा रस्ता स्वतःला अजून महामार्गच समजतो. पाळधी-तरसोद बाह्यवळणानं जड वाहनं बाहेर गेली तर आतला रस्ता रिकामा होईल, आणि रिकामा रुंद रस्ता हा गर्दीच्या रस्त्यापेक्षा जास्त घातक. त्याला शहराचा रस्ता म्हणून पुन्हा बांधायला हवा: पदपथ, झाडं, पार्किंग, कमी रुंदी. नुसता क्रमांक बदलून भागणार नाही.

झाडांबद्दल मात्र मला दोन्ही बाजू सांगायच्या आहेत, कारण या विषयावर भावनेच्या भरात बरंच चुकीचं लिहिलं जातं. रुंदीकरणात कडूनिंब, चिंचा, वड गेले. चुना आणि गेरूचे पट्टे मारलेली ती खोडं म्हणजे रस्त्याचं घड्याळ होतं. एक गेलं, दुसरं आलं, तिसरं. त्या ठेक्यावरून वेग कळायचा. आता त्या खोडांच्या जागी टक लावून बघायला क्षितिज आहे, आणि त्यानं डोळे जड होतात. झाडं गेल्यानं वेग वाढला असं मी म्हणतो. पण अभियंते म्हणतात तेही खोटं नाही: शंभरनं रस्ता सोडलेल्या गाडीला वडाचं खोड माफ करत नाही. यातून वाट आहे ती जागा बघून लावण्याची. मोकळ्या पट्ट्यात झाडं लांब, जवळ फक्त झुडपं. गावाच्या तोंडाशी, जिथे वेग चाळीसचाच हवा, तिथे झाडं जवळ, दाट, दोन्ही बाजूंना. आपण नेमकं उलट करतो. गावाजवळची झाडं दुकानांसाठी तुटतात, आणि दुभाजकात पुरुषभर उंचीची कण्हेर वाढवतो. समोरच्या दिव्याची तिरीप त्यानं अडते, हे खरं. पण फाट्यावर त्याच कण्हेरीतून अचानक म्हैस बाहेर येते, नाहीतर दप्तर पाठीवर घेतलेली पोरगी.

"आपल्या लोकांना शिस्तच नाही, रस्ता काय करणार?" हे वाक्य ऐकून कान किटले. बेशिस्त आहे, दारू पिऊन चालवणारे आहेत, रात्री मोटारसायकलींच्या शर्यती लावणारी पोरं आहेत. त्यांना रंगाचे पट्टे थांबवणार नाहीत, त्यांच्यासाठी पोलीस आणि कॅमेरेच हवेत. पण रस्त्यानं नव्वद जणांना आपसूक हळू केलं, तर उरलेल्या दहांना पकडणं पोलिसांना जमेल. आज शंभरातले नव्वद पाटी मोडतात, आणि मग पोलीस कोणाला थांबवायचं ते ज्याच्या त्याच्या नंबरप्लेटवरून ठरवतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. म्हणजे दोन-चार माथेफिरूंना आवरण्याइतकंच तुमच्या-माझ्यासारख्या सभ्य माणसांना थोडं हळू करणंही गरजेचं आहे.

याहून टोकदार आक्षेप माझ्या घरातूनच आला. मोठे भाऊ म्हणाले, "फागणे ते तरसोद रस्त्यासाठी वर्षानुवर्षं कंबरडी मोडून घेतली, आता कुठे रस्ता झाला, तर तू म्हणतो अरुंद करा?" त्यांचं खरं आहे. खड्डे हेच आमचं वेगनियंत्रण होतं आणि त्याची किंमत मणक्यांनी मोजली. ते दिवस परत यावेत असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण मी धुळे ते जळगाव सगळा रस्ता अरुंद करा म्हणत नाही. मोकळ्यात शंभर जा, खुशाल जा. फक्त गावापुरतं बोलतोय. अर्धा किलोमीटरचं गाव ऐंशीनं ओलांडायला साडेबावीस सेकंद लागतात, चाळीसनं पंचेचाळीस. वाटेत अशी दहा गावं धरली तरी सगळा तोटा पावणेचार मिनिटांचा. मी हे कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, "पावणेचार मिनिटं म्हणजे काय कमी झाली का?" पारोळ्याच्या पुढे ते ज्या ढाब्यावर दर खेपेला थांबतात, तिथे तेवढ्या वेळात शेवभाजीची ऑर्डर घ्यायलासुद्धा कोणी येत नाही.